दारातले दोन शेजारी

वीसएक वर्षांपूर्वीची गोष्ट. रात्रीचे साडेअकरा वाजले असतील. जिन्यावर बुटांचा आवाज झाला, खालच्या मजल्यावरची बेल वाजली आणि थोड्या वेळानं आमचीही. दारात हवालदार उभे होते. "खाली घरझडती घ्यायचीय. पंच म्हणून येता का?" आमच्याआधी त्यांनी चार दारं वाजवली होती. एका घरात कुणाला ताप होता, एका घरात पाहुणे आले होते, उरलेली दोन दारं उघडलीच नाहीत. मी सदरा चढवला आणि खाली गेलो.

त्या घरातल्या बाई स्वयंपाकघराच्या चौकटीला धरून उभ्या होत्या. कॉलेजात जाणारी मुलगी त्यांच्या मागे. दुसरे पंच आमच्या गल्लीतले नव्हते, पण आलेल्या मंडळींशी त्यांची चांगली ओळख दिसत होती. कपाटं उघडली गेली, गाद्या उलट्या झाल्या, देव्हाऱ्याखालचा खण ओढून पाहिला गेला. तासाभरानं कागदपत्रांची एक पिशवी घेऊन मंडळी निघाली. निघताना माझ्यापुढे तीन लिहिलेली पानं ठेवली. पंच पावणेअकरा वाजता हजर झाले, असं त्यात लिहिलेलं होतं. मी म्हणालो, मी तर साडेअकराला आलो. "तेवढं चालतं हो," असं उत्तर मिळालं आणि मी सही केली. पिशवीत नेमके कोणते कागद होते ते मी पाहिलं नव्हतं. यादीची प्रत त्या बाईंना मिळाली नाही, कारण ती मागायची असते हे त्यांना ठाऊक नव्हतं, आणि मलाही नव्हतं.

ती सही मला अजून बोचते. 'पंच' म्हणजे कोण, तो दारात का उभा असतो, त्याला तिथं कुणी आणि कधी उभं केलं, याचा शोध मी त्यानंतर घेऊ लागलो.

पहिलंच आश्चर्य शब्दाचं. मराठी माणसाच्या तोंडी रोज असणारा 'पंचनामा' हा शब्द फौजदारी प्रक्रियेच्या संहितेत कुठेही नाही. १८९८ च्या संहितेत नव्हता, १९७३ च्या नव्हता, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतही नाही. कायदा फक्त एवढं सांगतो की झडतीच्या वेळी त्या भागातले दोन किंवा अधिक प्रतिष्ठित रहिवासी हजर ठेवावेत, जप्त वस्तूंची यादी त्यांच्यासमक्ष करावी आणि तिच्यावर त्यांच्या सह्या घ्याव्यात. या यादीला पंचनामा म्हणायचं हे आपल्या मुलखानं ठरवलं. उत्तरेत त्याच कागदाला 'फर्द' म्हणतात. कर्नाटकात, तमिळनाडूत आणि केरळात म्हणतात 'महजर'.

महजर हा शब्द मराठी इतिहासाच्या वाचकाला परका नाही. शिवकाळातल्या आणि पेशवाईतल्या वतनांच्या तंट्यांचे निवाडे ज्या कागदावर उतरत, तो महजर. गोतसभा बसे, दोन्ही वादी आपापली हकीकत सांगत, साक्षी होत आणि निवाड्याखाली हजर असलेल्यांच्या सह्या किंवा निशाण्या पडत. पाटलाची निशाणी नांगर, बाईची बांगडी, बलुतेदारांची आपापल्या धंद्याची हत्यारं. लिहिता न येणारा माणूससुद्धा आपल्या हत्याराचं चित्र काढून सांगे, की हे घडलं तेव्हा मी तिथं होतो. महजर आणि हजर हे दोन्ही शब्द एकाच अरबी धातूतून आले आहेत. ज्याला आपण 'समक्ष' म्हणतो, तेच या कागदाचं सगळं बळ. आपल्याकडे ते नाव मागे पडलं आणि त्याच्या जागी गावच्या पंचायतीतला 'पंच' आणि फारसी 'नामा' यांची जोडी बसली. दक्षिणेनं मात्र जुनं नाव टिकवलं.

तेव्हाचं राज्य लोकांच्या घराला फार जपत होतं, असं मात्र कुणी समजू नये. सरकारची मर्जी खप्पा झाली की घराला चौकी बसे, वाड्याची जप्ती होई आणि दाद मागायची तर पुन्हा त्याच सरकारकडे. साक्षीला गोत उभं राहत होतं ते वतनाच्या आणि हद्दीच्या भांडणात, दोन प्रजाजनांमध्ये. सरकार आणि घर यांच्या मध्ये त्याला जागा नव्हती. ती जागा पुढे ज्या राज्यानं दिली ते परकं होतं, आणि तिथं त्याचे हेतूही वेगळे होते.

त्या परक्यांच्या स्वतःच्या देशात या प्रश्नाचं उत्तर निराळ्या वाटेनं आलं होतं. १६०४ च्या सुमारास लंडनमधल्या सेमेन नावाच्या माणसाच्या खटल्यात न्यायालयानं म्हटलं की प्रत्येकाचं घर हा त्याचा किल्ला आहे. राजाच्या अधिकाऱ्याला आत शिरायचंच असेल, तर त्यानं आधी दार ठोठावून कशासाठी आलो ते सांगितलं पाहिजे. दीडशे वर्षांनी, नोव्हेंबर १७६२ मध्ये, सरकारवर टीका करणाऱ्या जॉन एन्टिक या लेखकाच्या घरात लॉर्ड हॅलिफॅक्स या मंत्र्याचा हुकूम घेऊन राजाचे जासूद शिरले. चार तास त्यांनी खणन्‌खण उपसला आणि छापील पत्रकं व कागद उचलून नेले. एन्टिकनं त्या जासुदांवर फिर्याद केली. १७६५ मध्ये न्यायाधीश कॅम्डेन यांनी निकाल दिला, की असा हुकूम काढण्याचा अधिकार मंत्र्याला कोणत्या कायद्यानं दिला ते कायद्याच्या पुस्तकांत सापडत नाही, आणि सापडत नाही म्हणून तो अधिकारच नाही. एन्टिकला ३०० पौंड भरपाई मिळाली. दारात आलेल्याला "कोणत्या कायद्यानं?" असं विचारण्याचा हक्क इतका जुना आहे, आणि तो एका लिहिणाऱ्या माणसानं मिळवला, म्हणून मला तो फार जवळचा वाटतो.

हा किल्ला इंग्रजांनी बोटीतून इकडे आणला नाही. १८१८ नंतर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टननं पेशव्यांच्या मुलखाचा जो अहवाल लिहिला, त्यात पंचायतीचे गुणदोष बारकाईनं तपासले आहेत. निदान दिवाणी तंट्यांत ती टिकावी अशी त्याची इच्छा होती. ती टिकली नाही. नवी न्यायालयं, वकील आणि मुद्रांकाचे कागद आले आणि न्याय देणारा पंच गेला. तो शिल्लक राहिला तो नुसता बघणारा म्हणून. अपघाती किंवा संशयास्पद मरण झालं की प्रेताजवळ उभा राहणारा पंच, चोरीचा माल सापडला की तिथं उभा राहणारा पंच. निवाडा करणाऱ्याचा असा साक्षीदार झाला.

इंग्रजांनी त्याला ठेवलं, कारण त्यांचा स्वतःच्याच पोलिसांवर विश्वास नव्हता. मद्रास इलाख्यातल्या छळाची चौकशी करणाऱ्या आयोगानं १८५५ मध्ये, सरकारी शिपाई कबुलीजबाब कसे मिळवतात ते नोंदवून ठेवलं होतं. १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यानं तर पोलिसांपुढे दिलेली कबुली आरोपीविरुद्ध चालणारच नाही, असं ठरवून टाकलं. झडतीला दोन शेजारी हवेत, हा नियम त्याच अविश्वासाचं भावंड आहे, असं माझं मत आहे. शिपायानं घरात काही नेऊन ठेवलं आणि मग तेच 'सापडलं' तर? राज्यकर्त्याला त्या घराची फिकीर नव्हती. आपल्या न्यायालयाची शोभा होऊ नये याची होती. तरीही त्यातून घराला एक राखणदार मिळाला. १८९८ च्या संहितेत हे सगळं कलम १०३ मध्ये नीट बांधलं गेलं. झडतीआधी त्या भागातले दोन प्रतिष्ठित रहिवासी बोलवायचे, त्यांच्यासमक्ष झडती घ्यायची, काय सापडलं आणि नेमकं कोणत्या जागी सापडलं याची यादी करायची, घरमालकाला हजर राहू द्यायचं आणि त्यानं मागितल्यास सहीनिशी प्रत द्यायची.

ही संहिता मंजूर होण्याच्या आदल्याच वर्षी पुण्यात काय घडलं ते आठवलं, की या कोरड्या कलमाला निराळं वजन येतं. १८९७ च्या फेब्रुवारीत साथीच्या रोगांचा कायदा झाला. उणीपुरी चार कलमं. त्यातलं शेवटचं सांगतं, की या कायद्याखाली सद्भावनेनं केलेल्या कशाबद्दलही कुणावर दावा चालणार नाही. मार्चमध्ये प्लेग समितीचा प्रमुख रँड याच्या हुकमानं गोऱ्या सोजिरांच्या तुकड्या पेठांमधून घर-झडतीला निघाल्या. रोगी शोधायचे, त्यांना इस्पितळात हलवायचं, घरच्यांना वेगळ्या छावणीत न्यायचं, सामान जाळायचं, जमिनी उकरायच्या. रोग खरा होता, माणसं खरंच मरत होती आणि रोग्यांना शोधणं गरजेचं होतं, हे मान्यच करायला हवं. पण माजघरात आणि देवघरात बुटांनी शिरलेल्या सोजिराला "कोणत्या हुकमानं?" असं विचारायची सोय नव्हती. नेलेल्या किंवा जाळलेल्या वस्तूंची यादी मागायची सोय नव्हती आणि गाऱ्हाणं ऐकणाराही त्याच समितीचा. पुण्यातल्या नाटू बंधूंनी या झडत्यांविरुद्ध आवाज उठवला होता. पुढे रँडच्या खुनानंतर त्या दोघांना १८२७ च्या एका जुन्या रेग्युलेशनखाली खटल्याविना अटकेत टाकलं गेलं. इंग्लंडमध्ये असलेल्या गोखल्यांनी पुण्याहून आलेल्या पत्रांवरून बायकांवरच्या अत्याचारांची गोष्ट तिथल्या वृत्तपत्रात मांडली. परतल्यावर ती पुराव्यानं शाबीत करता आली नाही, म्हणून त्यांना जाहीर माफी मागावी लागली.

त्या माफीपाशी मी नेहमी थबकतो. गोखल्यांसारखा शब्दाला जपणारा माणूस खोटं बोलला नसणार. त्यांच्याजवळ कागद नव्हता, एवढंच. कोणत्या घरात कोण शिरलं, किती वाजता, काय केलं आणि कुणाच्या डोळ्यांदेखत, याची साक्ष देणारा दोन शेजाऱ्यांच्या सहीचा एक तुकडाही नव्हता. अन्याय झाला आणि तो शाबीत करायचं साधनच ठेवलेलं नव्हतं. २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर रँडवर गोळी झाडली गेली. पुढचं सगळ्यांना ठाऊक आहे: चाफेकर बंधू आणि महादेव रानडे फासावर गेले, टिळकांना दीड वर्षाची शिक्षा झाली. आधुनिक महाराष्ट्राच्या राजकारणाचा एक मोठा धागा अशा रीतीनं घराच्या उंबरठ्यापासून सुरू होतो.

अकरा वर्षांनी झडती टिळकांच्याच घरी आली. २४ जून १९०८ ला त्यांना मुंबईत सरदारगृहात अटक झाली आणि पाठोपाठ पुण्यातला गायकवाडवाडा आणि सिंहगडावरचा बंगला तपासला गेला. खटला 'केसरी'तल्या लेखांवर होता. पण झडतीत एक पोस्टकार्ड मिळालं. त्यावर स्फोटकांविषयीच्या दोन इंग्रजी पुस्तकांची नावं टिपलेली होती. सरकारी पक्षानं ते न्यायालयापुढे ठेवलं. स्फोटकांच्या नव्या कायद्यावर टीका लिहायची होती, त्यातली 'स्फोटक' या शब्दाची व्याख्या तपासण्यासाठी ही नावं टिपली, असं टिळकांनी सांगितलं. शिक्षा झाली ती सहा वर्षं काळ्या पाण्याची, मंडालेला. ती काही त्या कार्डामुळे झाली नाही. पण लेख शोधायला आलेले लोक टेबलावरचा टिपणाचा तुकडा उचलतात आणि तो माणसाच्या मनाचा पुरावा म्हणून उभा राहतो, हे तेव्हा सगळ्यांनी पाहिलं. कशासाठी आलात ते आधी लिहा आणि तेवढंच शोधा, या मागणीचा अर्थ इथं कळतो.

स्वराज्य आलं तेव्हा या मागणीला घटनेत जागा मिळायला हवी होती. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४७ मध्ये शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनच्या वतीनं 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' हे निवेदन सादर केलं. माणूस, त्याचं घर, कागदपत्रं आणि चीजवस्तू यांना अवाजवी झडतीपासून संरक्षण असावं, असा हक्क त्यात स्पष्ट मांडलेला आहे. गावकुसाबाहेरच्या घराचं दार किती सहज ढकललं जातं हे ज्यांना ठाऊक होतं, त्यांनी तो लिहिला हे विसरू नये. कन्हैयालाल मुनशींच्या मसुद्यातही तो होता. मूलभूत हक्कांच्या उपसमितीनं तो घेतला, पण बी. एन. राव आणि अल्लादी कृष्णस्वामी अय्यर यांनी हरकत घेतली. पोलिसांचा तपास अडेल, हे त्यांचं कारण. कलम गळालं.

डिसेंबर १९४८ च्या सुरुवातीला मध्यप्रांत-वऱ्हाडचे सदस्य काझी सय्यद करीमुद्दीन यांनी तेच कलम दुरुस्ती म्हणून संविधान सभेत पुन्हा मांडलं. आंबेडकर उठले आणि त्यांनी ती दुरुस्ती स्वीकारली. या तरतुदी फौजदारी संहितेत आहेतच, पण त्या विधिमंडळाच्या हाताबाहेर ठेवणं इष्ट ठरेल, असा त्यांचा मुद्दा होता. मतं घेताना सभागृहात गोंधळ झाला, निर्णय लांबला आणि शेवटी दुरुस्ती नामंजूर झाली. मसुदा समितीच्या अध्यक्षानं स्वीकारलेला हक्क सभागृहानं नाकारला, असे प्रसंग फार थोडे. आपल्या उंबरठ्याचा हक्क घटनेतून हुकला तो असा.

त्याची किंमत लवकरच कळली. दालमिया गटातल्या कंपन्यांच्या चौकशीत ३४ ठिकाणी झडत्या झाल्या. ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. १९५४ मध्ये आठ न्यायमूर्तींनी सांगितलं की घटनाकारांनी असा हक्क लिहिलेला नाही, तेव्हा तो ओढूनताणून आत आणता येणार नाही. १९६२ मध्ये उत्तर प्रदेशातल्या खडकसिंगाचं प्रकरण आलं. १९४१ मध्ये दरोड्याच्या आरोपातून पुराव्याअभावी सुटलेला हा माणूस. तरी पोलिसांनी त्याची कायमची नोंद ठेवली होती आणि रात्री-अपरात्री शिपाई दार वाजवून, हाका मारून त्याला झोपेतून उठवत. न्यायालयानं या रात्रीच्या फेऱ्यांचा नियम रद्द केला आणि निकालात आठवण काढली ती सेमेनच्या त्या किल्ल्याची. खाजगीपणाचा हक्क मात्र घटनेत नाही, हेही त्याच निकालानं म्हटलं. ती चूक दुरुस्त व्हायला २४ ऑगस्ट २०१७ उजाडावा लागला. त्या दिवशी नऊ न्यायमूर्तींनी पुट्टस्वामी खटल्यात खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला आणि जुन्या दोन्ही निकालांचा तेवढा भाग बाजूला सारला. करीमुद्दीन यांची ती हुकलेली दुरुस्ती या निकालपत्रातही चर्चेला आली.

या मोठ्या निकालांपेक्षा मला एक छोटा निकाल अधिक उपयोगाचा वाटतो. तो १९६३ च्या निकालसंग्रहात आहे आणि उत्तर प्रदेशातल्या एका पोस्टमनचा आहे. त्याच्या घराच्या झडतीत टपालातली पत्रं सापडली होती. झडती नियमाप्रमाणे झाली नाही, म्हणून पुरावा बाद करा, असं त्याचं म्हणणं. सर्वोच्च न्यायालयानं दोनच गोष्टी सांगितल्या. कायदा मोडून होणाऱ्या झडतीला घरातला माणूस विरोध करू शकतो. आणि अशा झडतीत सापडलेल्या वस्तूचा पुरावा न्यायालय अधिक कसून तपासेल. त्यापलीकडे काही नाही. वस्तू पुरावा म्हणून राहतेच. १९७३ मध्ये आयकराच्या पूरनमल प्रकरणातही हेच ठरलं. म्हणजे झडती चुकली तरी माल चालतो. अशा वेळी घराच्या बाजूनं बोलणारं एकच काही उरतं: ते दोन पंच आणि त्यांचा कागद. १९७३ च्या संहितेनं 'प्रतिष्ठित' या शब्दाच्या जोडीला 'स्वतंत्र' हा शब्द घातला. पण त्याच वेळी, त्या भागात कुणी मिळालं नाही किंवा तयार झालं नाही तर दुसऱ्या भागातला पंच चालेल, अशी फटही ठेवली.

त्या फटीतून 'नेहमीचा पंच' आत आला. चौकीजवळ राहणारा, साहेबांच्या ओळखीचा, वर्षातून अनेक पंचनाम्यांवर सही करणारा आणि पुढे उलटतपासात हमखास उघडा पडणारा. न्यायालयांनी अशा पंचांवर कितीदा ताशेरे ओढले आहेत. अलीकडे गंभीर गुन्ह्यांत सरकारी कर्मचाऱ्यांना पंच म्हणून नेतात. असा पंच सहसा फितूर होत नाही हे खरं. पण शेजाऱ्याच्या जागी आणखी एक सरकारी माणूस आला, तर घराच्या बाजूनं दारात कोण उरलं?

आणि ज्यांच्या दारात शेजारी कधी बोलावलाच गेला नाही, त्यांचं काय? १८७१ चा गुन्हेगार जमातींचा कायदा १९११ नंतर मुंबई इलाख्यालाही लागू झाला. पारधी, कैकाडी, बेरड, मांग गारुडी अशा जमातींची माणसं जन्मानंच संशयित ठरली. रोजची हजेरी, गाव सोडायला परवाना, सोलापूरसारख्या ठिकाणी तारेच्या कुंपणातली सेटलमेंट. तिथल्या पालाला दारच नव्हतं, मग ठोठावणार काय? ३१ ऑगस्ट १९५२ ला हा कायदा गेला, पण गावात चोरी झाली की पहाटे पारध्याच्या पालावर जाऊन गाठोडी उधळायची सवय गेली नाही. लक्ष्मण गायकवाडांचं 'उचल्या' १९८७ मध्ये आलं आणि मध्यमवर्गीय वाचकाला ही झडती आतून दिसली. पंचनाम्याचा इतिहास लिहिताना हा भाग वगळला तर तो फक्त वाड्यांचा आणि फ्लॅटांचा इतिहास होईल. संहितेच्या कलमात पाल आणि बंगला यांत फरक केलेला नाही. तो फरक आपण केला.

या तुलनेत आयकर खात्यानं झडती होणाऱ्या माणसाच्या हक्कांची जी सनद काढली, ती वाचून मन चकित होतं. अधिकारपत्र पाहण्याचा हक्क. प्रत्येक अधिकाऱ्याचं ओळखपत्र तपासण्याचा हक्क. आत येणाऱ्या प्रत्येकाची झडतीआधी आणि नंतर अंगझडती घेण्याचा हक्क. वेळेवर जेवण्याचा हक्क. दप्तर तपासून मुलांना शाळेत धाडण्याचा हक्क. पंचनाम्याची जोडपत्रांसकट प्रत मिळण्याचा हक्क. आणि फौजदारी संहितेत नसलेला आपला हा मराठी शब्द १९६१ च्या आयकर कायद्याच्या इंग्रजी मजकुरात जसाच्या तसा शिरलेला आहे. त्या मुलांच्या दप्तराचा उल्लेख मला फार मोलाचा वाटतो. झडती चालू असतानाही घर हे घरच असतं, हे कुणाला तरी सुचलं. मात्र ती समज पालापर्यंत पोचलेली नाही.

सरकार दारात येतं ते दर वेळी झडतीलाच असं नाही. १९४८ च्या जनगणना कायद्यात एक सुंदर तरतूद आहे: घरातल्या कोणत्याही स्त्रीचं नाव सांगण्याची सक्ती नाही आणि कोणत्याही स्त्रीला नवऱ्याचं नाव घ्यायला भाग पाडता येत नाही. गणकाला दिलेली माहिती न्यायालयात पुरावा म्हणूनही वापरता येत नाही. विचारायला येणाऱ्यानं कुठं थांबायचं, ते राज्यानं आधीच लिहून ठेवलं आहे. आणि मराठवाड्यात, विदर्भात गारपीट किंवा अतिवृष्टी झाली, की लोक स्वतःच पंचनाम्याची वाट पाहतात. तलाठी, ग्रामसेवक, कृषी सहायक बांधावर येईपर्यंत आडवं झालेलं पीक उचलायचं नाही, म्हणून शेतकरी थांबून राहतो. एके काळी घराला ज्याची धास्ती होती, त्या कागदासाठी आज तहसीलवर मोर्चे जातात. धास्ती आणि मागणी या दोन्हींच्या मुळाशी एकच गोष्ट आहे: जे झालं ते चार लोकांसमक्ष लिहिलं जावं.

नव्या संहितेनं त्यात कॅमेऱ्याची भर घातली आहे. कलम १०५ प्रमाणे झडतीचं आणि जप्तीचं ध्वनिचित्रमुद्रण करायचं आणि ते विनाविलंब दंडाधिकाऱ्याकडे पाठवायचं. वॉरंटाशिवाय झडती घ्यायची असेल, तर अधिकाऱ्यानं कारणं आणि काय शोधायचं आहे ते आधी लिहायचं, आणि त्या नोंदींची प्रत ४८ तासांच्या आत दंडाधिकाऱ्याकडे जायची, हे कलम १८५. मी या तरतुदींचं मनापासून स्वागत करतो. पण कॅमेरा ज्याच्या हातात असतो, तो ज्या खोलीत वळवेल तीच खोली दिसते. शेजारी मात्र हवं तिथं वळून पाहू शकतो आणि न पटलेलं बोलू शकतो. म्हणूनच कलम १०३ मधले दोन पंच नव्या कायद्यातूनही गेलेले नाहीत.

तेव्हा वाचकाला माझं हे सांगणं आहे. तुमच्या दारात कुणी आलं, तर आवाज न चढवता विचारा: आपण कोण, ओळखपत्र दाखवा, वॉरंट आहे का, नसेल तर कारणं लिहिलीत का, काय शोधताय. अधिकार रीतसर असेल तर वाट अडवू नका. कायद्यानं आत येऊ देणं बंधनकारक आहे. बाईची अंगझडती बाईच घेईल, हा आग्रह सोडू नका. सगळ्या खोल्यांत एकदम माणसं पांगू देऊ नका, सोबत राहा. जाताना यादीची प्रत मागा. ती विनंती नाही, हक्क आहे.

आणि शेजारच्या दारात कुणी आलं आणि तुम्हाला पंच म्हणून बोलावलं, तर दिवा मालवू नका. सदरा चढवा आणि जा. आत पाऊल टाकण्याआधी घड्याळ पाहा आणि वेळ लक्षात ठेवा. आलेल्या मंडळींनी आधी आपली अंगझडती द्यावी, असं म्हणा. वस्तू कुठून काढली ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहा. लिहिलेला कागद शेवटच्या ओळीपर्यंत वाचा, कोरी जागा दिसली तर तिच्यावर रेघ मारायला सांगा. पावणेअकरा लिहिलं असेल आणि तुम्ही साडेअकराला आला असाल, तर ते खोडून साडेअकरा करून घ्या आणि मगच सही करा.